आई खुर्चीवर बसत नाही

२८ ऑगस्ट

आज चौथ्या मजल्यावरचं बिऱ्हाड गेलं. ट्रक गल्लीत शिरेना, म्हणून हमालांनी फ्रिज पाठीवरून कोपऱ्यापर्यंत नेला. आमच्या वरच्या मजल्यावरच्या साबिहाबाईंनी रिवाजाप्रमाणे निघालेल्या ट्रकमागे बादलीभर पाणी ओतलं, ते निम्मं माझ्या ट्रायपॉडवर. मी ओरडले तर म्हणतात, "पाण्यासारखं जा, पाण्यासारखं परत या, असं म्हणून ओततो आपण. तू जातही नाहीस आणि धड येतही नाहीस, नुसती वाटेत उभी!"

भूकंपानंतर आमच्या शेनयुवा इमारतीच्या खांबांना भोकं पाडून आतलं काँक्रीट तपासलं. निघालं भुसभुशीत. थंडीच्या आत इमारत पाडणार. नवी उभी राहीपर्यंत सगळे पांगणार, कोणी इझमीरच्या दुसऱ्या टोकाला, कोणी अंकाराला मुलाकडे. म्हातारे आहेत, सगळे परत येतील असं नाही. तोंडाने मात्र सगळे म्हणतात, "दोन वर्षांचा तर प्रश्न!"

मला हेच चित्रित करायचंय. दुसऱ्या मजल्यावरच्या रिकाम्या खोलीत एक खुर्ची, खिडकीचा उजेड आणि समोर कॅमेरा. जाणाऱ्याने यावं, बसावं, आणि ज्याच्याकडे हेलाल मागायचं राहिलंय त्याच्याकडे मागावं. ऑक्टोबरात तंबाखूच्या जुन्या गोदामात प्रदर्शन आहे. तिथल्या बाईंनी परदेशी पाहुण्यांसाठी चार ओळी मागितल्या, त्या आज लिहून दिल्या: "आमच्याकडे माणूस लांब निघाला, हजला, लष्करात, परगावी, की ओळखीच्यांच्या दारी जातो. म्हणतो, माझं काही चुकलंमाकलं असेल, तुमचा माझ्यावर काही हक्क राहिला असेल, तर हेलाल करा. समोरचा म्हणतो, हेलाल असो. की सुटला. मागितल्यावर देतात, आणि मागणाऱ्याला ताटकळत ठेवत नाहीत."

बरं झालंय. शेवटचं वाक्य काढावं का? जरा शाळेतल्या निबंधासारखं वाटतं.

३१ ऑगस्ट

गच्चीवर आईने चादरी पसरून तारहाना वाळत घातलंय. दही-पीठ-टोमॅटोचं ते आंबवलेलं पीठ, वर्षभराच्या सूपचं. घर सोडायचं तर कशाला एवढा घाट, म्हटलं. म्हणाली, "खायला घर लागत नाही, तोंड लागतं." यंदा दुप्पट केलंय. आणि मला मळायला बसवलं. मी कॅमेरा आणते म्हटलं तर माझं मनगट धरलं. "हात घाल. बघून येत नाही हे." आंबट वास कोपरापर्यंत गेला, अजून जात नाही.

तिच्या अंगठीला आतून दोरा गुंडाळलेला दिसला. "सैल झालीय," म्हणाली. म्हातारपणी बोटंही वाळतात वाटतं.

खरं लिहायचं तर हे सगळं काम मी एका माणसासाठी मांडलंय. आई त्या खुर्चीवर बसावी आणि म्हणावी, शुले, ते झालं ते झालं, हेलाल असो.

ते म्हणजे बाबांच्या शेवटच्या महिन्यात मी केलेलं काम. आई त्यांची दाढी करतेय, एका हाताने गाल ताणून धरलाय, आणि मग न्हाणीघरात टबाच्या कडेवर बसून रडतेय. दार उघडं होतं, मी चित्रित केलं. परदेशात भिंतभर दाखवलं, बक्षीस मिळालं, मग इथे इझमीरमध्येही लागलं. साबिहाबाईंच्या मुलीने पाहिलं आणि अख्ख्या इमारतीला सांगितलं. आई एकच वाक्य बोलली होती: "माझं रडणं भिंतीएवढं केलंस." तेव्हापासून आम्ही सगळं बोलतो, ते सोडून.

काम चांगलंच आहे. त्याची माफी मी मागणार नाही. पण तिने द्यावी असं वाटतं. यात विसंगती आहे, ठाऊक आहे मला.

३ सप्टेंबर

आज सोनं सापडलं आणि हातातून निसटलं!

आई आणि साबिहाबाई किती वर्षं बोलत नव्हत्या. साबिहाबाई वरच्या बाल्कनीतून टेबलक्लॉथ झटकायच्या, सगळे ब्रेडचे तुकडे आईच्या धुतलेल्या चादरींवर. आईने एकदा भर सुंतेच्या जेवणात त्यांना "उकिरड्याची राणी" म्हटलं. झालं. तेव्हापासून जिन्यात समोरासमोर आल्या की एक भिंतीकडे बघायची, दुसरी छताकडे.

आज दुपारी आई आपला राखाडी कोट हातावर टाकून वर निघाली. तोच, बाबांनी घेतलेला, लोकरीचा. मी लहान कॅमेरा घेऊन मागोमाग. साबिहाबाईंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "कोण मेलं?"

"अजून कोणी नाही," आई म्हणाली. "आत घेतेस, की जिन्यातच बोलू?"

"बोल इथेच. आत पसारा आहे."

"तुझ्या घरात पसारा नसेल तर मी चुकीच्या मजल्यावर आले म्हणायचं."

दोघी हसल्या. हसता हसता आई म्हणाली, "साबिहा, लोकांत बोलले मी तुला. हक्क हेलाल कर." साबिहाबाईंनी तिचे दोन्ही हात धरले, "हेलाल असो, हेलाल असो, आणि माझ्या त्या ब्रेडचं काय?" "ते चादरींना विचार, माझ्याकडून हेलाल." मग आईने कोट पुढे केला. साबिहाबाईंनी कोटाकडे पाहिलं, आईच्या तोंडाकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा एकदम उतरला. "मुझेय्यन," म्हणाल्या, "काय गं?" आईने मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि दार माझ्या तोंडावर लोटून घेतलं.

आत रडण्याचा आवाज येत होता. मी दाराला माइक लावून उभी. लाज नाही वाटली, खरंच नाही. इमारत पडतेय म्हटल्यावर दगडालाही पाझर फुटतो, हेच तर मला दाखवायचंय. पण कोट कशाला दिला? नव्या घरात काय थंडी पडणार नाही?

७ सप्टेंबर

आई रोज सकाळी न खाता-पिता बाहेर जाते. कुठे, तर म्हणे जागेच्या कागदांसाठी नोंदणी कचेरीत. "चहा तरी घे." "आल्यावर." येते तेव्हा पांढरीफटक. परवा कोपराच्या आतल्या बाजूला पट्टी होती. मांजराने ओरबाडलं म्हणाली. या सरकारी लोकांनी म्हातारीला किती चकरा मारायला लावाव्यात! मी भांडायला येते म्हटलं तर म्हणाली, "तू आलीस की होणारं कामही होत नाही."

आणि आज बालिकेसिरहून नेझाहतमावशी येऊन धडकली, घरात घालायच्या सपाता पिशवीत घेऊन. म्हणजे मुक्काम. आवराआवरीला आली म्हणे. जी बाई स्वतःच्या घरात पेला उचलत नाही ती! मी विचारलं तर आईकडे बघून मग उत्तर देते. दोघी स्वयंपाकघरात कुजबुजतात, मी गेले की वांग्यांचे भाव. ताकास तूर लागू देत नाहीत. बहुतेक मावशीला आईने आपल्याकडे राहायला यावंसं वाटतं आणि मला कसं सांगायचं हे कळत नाही. न्या की. मी काय अडवणार आहे?

(वाईट वाटलं, हेही लिहून ठेवते.)

९ सप्टेंबर

भांडण.

इमारतीतले सगळे खुर्चीवर बसून गेले. पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त कप्तानाने मेलेल्या भावाकडे हेलाल मागितलं. एका सुनेने सासूकडे मागितलं आणि मग म्हणाली, "हे तिला दाखवू नका हं." फक्त आई बसत नाही. आज मावशीसमोरच विषय काढला.

"आई, सगळ्या इमारतीच्या दारोदार जाऊन हेलाल मागतेस. मग माझ्यासमोर बसायला काय झालं?"

"तुझ्यासमोर बसेन. त्याच्यासमोर नाही." त्याच्या म्हणजे कॅमेऱ्याच्या.

"तो म्हणजे मीच."

"तू नाहीस. तो डोळे मिटत नाही."

मावशी मधे पडली. "बस गं मुझेय्यन एकदा. पोरीच्या मनासारखं होऊ दे. पुन्हा कधी..." आणि तिने ओठ चावला. मी म्हटलं, पुन्हा कधी म्हणजे, इमारत पडली की खोली कुठून आणू? मावशी माझ्याकडे बघतच राहिली, मग उठून भांडी घासायला गेली. भांडी! मावशी!

आईने तिच्या पाठीकडे पाहिलं. मग म्हणाली, "परवा बसते. पण एकदाच."

११ सप्टेंबर

बसली!

सकाळी केस धुतले, निळी ओढणी घेतली. उजेड असा होता की देवाने माझ्यासाठी राखून ठेवलेला. माझ्या कामांचा आवाज बघणारा ओरकुन आज नव्हता, त्याला आल्सान्जाकच्या स्टुडिओत काम होतं, म्हणून आवाजही मीच सांभाळत होते. आईला सगळं समजावलं. इथे बघ, घाई करू नकोस, मी मधे बोलणार नाही. माझा आवाज माझ्या कामात कधीच येत नाही, पहिल्या कामापासूनचा नियम आहे. बसलेल्याला माझा आधार मिळाला की तो कॅमेऱ्याला सोडून मला खूश करायला लागतो.

तिने बराच वेळ हात मांडीवर ठेवले, उचलले, ठेवले. मग बोलली. जसं बोलली तसं उतरवते, पुन्हा ऐकून:

"शुले. नवऱ्याला सोडून तू बॅग घेऊन आलीस त्या दिवशी माझ्याकडे बायकांची बैठक होती. दिवाणखाना भरलेला. मी तुला स्वयंपाकघरात बसवलं आणि दार लावून घेतलं. कोणाला दिसू नयेस म्हणून. त्या चहा प्यायल्या, केक खाल्ला, आणि तू पलीकडे बॅगेवर बसून होतीस. मी दोनदा केक न्यायला आत आले आणि दोनदा तुझ्याकडे न बघता गेले. लोकांना भ्याले मी. पोटच्या पोरीपेक्षा लोकांना. ते माझ्या मनातून जात नाही. तुझा हक्क आहे माझ्यावर. हेलाल कर."

आणि ती भिंगाकडे न बघता माझ्याकडे बघत राहिली.

मला हे अपेक्षित नव्हतं. मी तो दिवस विसरूनही गेले होते. (विसरले नव्हते. केक संत्र्याचा होता.) पण मी वाट बघत होते ती दुसऱ्या गोष्टीची. वाटलं, आता इथवर आलीय, पुढे बाबांचं निघेल, आणि मग ती म्हणेल. म्हणून हाताने खूण केली, चालू ठेव. ती गप्प. मीही गप्प. खिडकीवर कबुतर आलं, गेलं. तिने हनुवटी जराशी पुढे केली, बहिऱ्याकडून उत्तर ऐकायला माणूस करतो तशी. मग उठली, खुर्ची भिंतीशी नीट लावली आणि म्हणाली, "झालं का तुझं?"

"आई, शेवटी खाली मोटरसायकल गेली. परत एकदा घेऊ या का? थोडं पुढेही बोल."

"हे परत परत मागायचं नसतं गं," म्हणाली, आणि जिन्याचा कठडा धरून हळूहळू वर गेली.

थोडी नाराज आहे मी. पण शेवटचं ते बघणं! असं बघणं आजवर मला कोणी दिलं नाही.

१२ सप्टेंबर

आई आणि मावशी बालिकेसिरला गेल्या, आठवडाभर. तिकडच्या गरम झऱ्यांत गुडघे शेकणार म्हणे. टॅक्सीत बसताना आईने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि सगळीकडून पाहिला, बाजारात खरबूज पाहतात तसा. "जेवत जा," म्हणाली. मी म्हटलं, "तू किती हलकी झालीस, बाई! मावशी, हिला खाऊ घाल जरा." मावशी टॅक्सीवाल्यावर उगाच खेकसली, चला म्हणून.

घर रिकामं आणि छान शांत आहे. कामाला लागते.

१४ सप्टेंबर

सगळं काम आईच्या त्या बघण्याभोवती फिरवलंय. बाकीच्यांचं थोडं थोडं, मग आई, आणि तिचं मागणं संपल्यावर काहीच नाही, नुसती वाट बघणं. जितकं धरता येईल तितकं धरलंय. बघणाऱ्याला खुर्चीत चुळबुळ व्हायला हवी. आजवरचं माझं सगळ्यांत चांगलं काम, हे मी फुशारकीने लिहीत नाही.

प्रदर्शनाच्या बाईंना तुकडा पाठवला. म्हणाल्या, अंगावर काटा आला.

आईला फोन केला. मावशीनेच उचलला. आई निजलीय म्हणाली. दुपारी? आई?

१५ सप्टेंबर

लिहून काढते. काहीतरी करायला हवं.

सकाळी बोटीने खाडीपलीकडे स्टुडिओत गेले, ओरकुनला आवाज बसवायला सगळं दाखवलं. हा मुलगा शब्द मोजून बोलतो. आईचा भाग संपला तरी तो पडद्याकडे बघत बसला. मग म्हणाला, "शुलेताई, तुझं उत्तर कुठेय?"

"कसलं उत्तर?"

"तिने हेलाल मागितलं ना. तू काय म्हणालीस? ते कापलंस का?"

"मी काहीच म्हटलं नाही. मी कधी बोलते का मधे?"

त्याने कानावरचे हेडफोन काढून मांडीवर ठेवले. "म्हणजे त्या तशाच उठून गेल्या?" मी मान हलवली. तो म्हणाला, "आणि ऑपरेशन कधी आहे?"

"कोणाचं ऑपरेशन?"

"म्हणजे... मला वाटलं... आमच्या आजीने बायपासच्या आधी असंच मागितलं होतं. अगदी असंच, हात मांडीवर. पट्टीही अशीच होती हाताला." त्याने चित्र थांबवून मोठं केलं. निळ्या ओढणीखाली कोपराच्या आत पांढरी पट्टी. मांजर. आमच्या इमारतीत मांजर आहे कुठे!

मग सगळं एकामागोमाग अंगावर आलं. अंगठीचा दोरा. उपाशी जाणं. कोट. साबिहाबाईंचा उतरलेला चेहरा. मावशीने घासलेली भांडी. परदेशी पाहुण्यांसाठी मीच लिहिलं होतं, हजला, लष्करात, परगावी. ऑपरेशनला जाणारे मला आठवलेच नाहीत. आयुष्यभर बघण्याचा धंदा केला, आणि घरातलं एवढं दिसलं नाही. साबिहाबाईंना एका कोटात दिसलं.

मावशीला फोन लावला. "मावशी, बालिकेसिरला ऊन आहे का?" "हो ना, चांगलं ऊन," म्हणाली, आणि तिच्या मागे भोंग्यावरून कोणत्या तरी डॉक्टरला तिसऱ्या मजल्यावर बोलावलं. "हा भोंगा कसला?" मी विचारलं. मग रडायलाच लागली. "शपथ घातलीय गं तिने मला. म्हणाली, शुलेला तिचं काम संपवू दे, आधी सांगितलं तर ती..." 

"तर ती काय?"

"तर ती कॅमेरा घेऊन येईल, म्हणाली."

आईच्या पोटात गाठ आहे. इथे इझमीरमध्येच, बोर्नोव्हाच्या एका इस्पितळात आहेत दोघी. उद्या सकाळी कापणार. डॉक्टर म्हणालेत, उघडल्याशिवाय काही सांगता येत नाही. आज आत सोडत नाहीत, गेटवरून परत पाठवलं. पहारेकऱ्याशी भांडले, रडले, काही उपयोग नाही.

१६ सप्टेंबर, इस्पितळात

उजाडताच आले. मावशीने मला पाहिलं आणि भिंतीला टेकली. आईला आधीच ढकलगाडीवर घेतलं होतं, हिरवी टोपी, हिरवी चादर. दातांची कवळी काढून घेतलेली, त्यामुळे गाल आत गेले होते. मला बघताच तिने तोंडावर हात धरला.

"हिला कोणी सांगितलं?" बोटांआडून मावशीवर डाफरली.

"आई," मी म्हटलं, "हेलाल. सगळं हेलाल. केकचं, दाराचं, सगळं. हेलाल असो."

तिने हात तोंडावरून काढला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते चादरीच्या टोकाने पुसलं, रागाने. "एवढे दिवस लागतात का? मला वाटलं, मनात धरलंयस."

"कॅमेऱ्यात माझा आवाज आला असता म्हणून..."

"येऊ द्यायचा होता."

वॉर्डबॉयने लिफ्टचं बटण दाबलं. "चला आजी, वर वाट बघतायत." लिफ्ट खाली होती, येत होती. आई माझ्याकडे बघत होती. खुर्चीवरून बघत होती तसंच, आणि आता मधे काही नव्हतं.

"तुला काही मागायचं नाही का माझ्याकडे?" ती म्हणाली.

मला वाटायचं, हा क्षण आला तर मी खूप बोलेन. ते काम का करावं लागलं, बाबांना मी कशी बघत होते, कलावंताचं काय असतं. एवढी वर्षं पाठ केलं होतं. यातलं काही तोंडातून निघालं नाही. मी ढकलगाडीचा दांडा धरला आणि म्हटलं, "न्हाणीघराचं दार उघडं होतं, आई. मी ते लावून घ्यायला हवं होतं. तुला न विचारता लोकांना दाखवलं. तुझा हक्क हेलाल कर."

पहिल्यांदाच मागितलं. या सगळ्या वर्षांत एकदाही मागितलं नव्हतं, नुसती तिने द्यायची वाट बघत होते, हे तोंडातून शब्द निघाले तेव्हा माझ्या लक्षात आलं.

लिफ्ट आली. दार उघडलं. आईने माझा दांड्यावरचा हात आपल्या हाताखाली घेतला, गार होता तिचा. मावशी म्हणाली, "दे ना गं मुझेय्यन, म्हण हेलाल, लवकर."

"परत आल्यावर बघू," आई म्हणाली.

"अगं, असं करतात का! पोरीने मागितलंय. कोणाचं बाकी ठेवून आत जाऊ नये."

"गप गं तू. सगळ्यांचं फेडलंय मी. एवढं एक राहू दे." आणि वॉर्डबॉयला म्हणाली, "चल रे, तुझे डॉक्टर म्हातारे होतील."

दार बंद झालं.

मावशी बाकावर बसून तसबीचे मणी ओढतेय आणि मधेच म्हणते, "दगड आहे दगड. मरायला निघाली तरी हट्ट सोडला नाही." मी तिला चहा आणून दिला, तिळाच्या पावाचं कडं, गेवरेक, आणलं, खात नाही. मला आईचा राग यायला हवा. मागितलं की द्यायचं असतं, हे तीच तर सांगत आलीय. पण राग येत नाही. तो गार हात सारखा आठवतो, आणि मी लिफ्टच्या दाराच्या अगदी समोरच्या बाकावर बसलेय. इथून उठवत नाही.

साबिहाबाईंचा फोन येऊन गेला. तो राखाडी कोट त्यांनी कपाटात टांगून ठेवलाय, घातला नाही आणि घालणारही नाहीत.

दार उघडलं की मी उभी राहते. आत्तापर्यंत दुसऱ्यांचीच माणसं बाहेर आली आहेत.